जनरेटरचा धूर आणि स्टोव्हचा काकडा

नमस्कार भाऊ,
आम्ही खारघरला राहतो. मिस्टर रिटायर झाले तेव्हा एक सेकंडहँड कॅरव्हॅन घेतली. गाडी हे चालवतात, आतलं सगळं मी बघते. मागच्या डाव्या पेटीत ५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. दोन सिलिंडरचा, रेडिएटरवाला, गाडीच्याच टाकीतून डिझेल घेतो. पावसाळ्याचे चार महिने गाडी सोसायटीत उभी होती. दसऱ्याला जनरेटर चालू केला तर हा पांढरा धूर! डोळे चुरचुरले, वॉचमन धावत आला. तीन-चार मिनिटं धडधडतो, मग धूर जातो आणि एकसारखा चालतो. डिसेंबरात महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला मुक्कामाला होतो, तिथे सकाळी चौथ्या खेपेला चालू झाला आणि शेजारच्या गाडीतली माणसं खोकत बाहेर आली. लाज वाटली हो. ऑइल कमी होत नाही. आमचा वापर म्हणजे फ्रिज, दिवे, पंखा, मोबाइल. एक टनाचा एसी आहे पण तो उन्हाळ्यातच, आणि २ किलोवॅटचा छोटा गिझर क्वचित. मेकॅनिक म्हणतो बोअर गेलाय, हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचं काम करावं लागेल, ४५ हजार सांगितलेत. करून घेऊ का? आणि उन्हाळ्यात रात्री एसीसाठी जनरेटर चालू ठेवून झोपलं तर चालतं का?
– एक वाचक, खारघर

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात थांबायला वेळ नाही: नाही, चालत नाही. का, ते खाली सविस्तर लिहितो. पहिल्याचं उत्तर: ४५ हजार अजून कपाटातच राहू द्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'तीन-चार मिनिटं धडधडतो, मग धूर जातो आणि एकसारखा चालतो.' मेकॅनिकला हे सांगितलं होतंत का? सांगितलं असेल तर त्याने ते ऐकलं नाही. बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक) आणि पिस्टनवरच्या रिंगा झिजलेलं इंजिनही थंड असताना पांढरं धुरकटतं, हे खरं. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. ते ऑइल पितं, लोड टाकला की निळसर धूर सोडतं, आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनात कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून फुसफुस वाफ मारत राहतं. तुमचं ऑइल हलत नाही आणि गरम झाल्यावर इंजिन गुणी बाळासारखं चालतं. म्हणजे रोग चालू होण्याच्या त्या चार मिनिटांतच कुठेतरी आहे.

तुमच्या वयाच्या बायकांना डिझेल इंजिन समजावणं मला सोपं जातं, कारण तुम्ही पंपाचा स्टोव्ह पेटवलेला असतो. आठवा. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावायचा, बर्नर तापला की मग पंप मारायचा. घाई केली, बर्नर नीट तापला नसताना पंप मारला की काय व्हायचं? रॉकेलचा पांढरा भपकारा उठायचा, घरभर वास, डोळ्यांतून पाणी. रॉकेल येत होतं पण जळत नव्हतं. तुमच्या जनरेटरच्या पेटीत दसऱ्याला नेमकं हेच झालं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते. सायकलचा पंप तोंडाशी बोटाने दाबून मारला की नळी गरम लागते ना, तेच, पण कित्येक पटींनी जास्त. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडतो आणि आपोआप पेटतो. छोट्या इंजिनात अडचण अशी की लोखंड थंड असलं की दाबलेल्या हवेची उष्णता तेच शोषून घेतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक काकडा दिलेला असतो. त्याला ग्लो प्लग म्हणतात, आपले मेकॅनिक हीटर प्लग म्हणतात. चावी अर्धी फिरवली किंवा प्रीहीटचं बटण दाबलं की तो लालभडक होतो. दोन सिलिंडर, दोन प्लग. त्यातला एक जळालेला असला तर एक सिलिंडर लगेच पेटतं आणि दुसरं नुसतं डिझेल फवारत बसतं. इंजिन लंगडत चालतं, हीच तुमची धडधड. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून पांढरं बाहेर येतं. चार मिनिटांत पहिल्या सिलिंडरच्या उष्णतेने दुसरं तापलं की तेही कामाला लागतं, धूर बंद.

आणि मग वेण्णा लेकला जास्त त्रास का, तेही जुळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणजे पिस्टनच्या हाती दाबायला हवाच कमी. वर वेण्णा लेकच्या काठचा गारठा, जिथे थंडी कडक पडली की दवाचे हिमकण होतात. खारघरला एका प्लगवर कसंबसं भागतं, तिथे भागत नाही.

पण मी इथे बसून शंभर टक्के सांगू शकत नाही, म्हणून तपासायचं कसं ते सांगतो. पुढच्या वेळी चालू करताना धुरात एक थंड स्टीलची ताटली दांडीला बांधून हातभर अंतरावरून क्षणभर धरा आणि मग पुसून वास घ्या. तेलकट ओल आणि डिझेलचा वास असेल तर मी म्हणतो तेच. नुसतं स्वच्छ पाणी असेल, धूर दोन हातांवर विरून जात असेल आणि डोळे झोंबत नसतील तर ती वाफ. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, ते पहिल्या काही मिनिटांत उडून जातं, त्याचं काही नाही. मात्र वाफ थांबतच नसेल, रेडिएटरमधलं कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दूध घातल्यासारखं दिसत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, फुटलंय. मग एक मिनिटही चालवू नका. तुमच्याकडे डोळे चुरचुरतात आणि शेजारी खोकतात, म्हणजे ते डिझेलच, वाफेने कोणी खोकत नाही.

आता प्लग. हे काम कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करेल, इंजिन उघडावं लागत नाही. दोन्ही प्लगच्या डोक्यावरून एक पत्ती किंवा वायर गेलेली असते, ती सोडवायची. सोडवली नाही तर चांगला प्लग वाईटाचं पाप झाकतो. मग मल्टिमीटर ओहमवर लावून एक टोक प्लगच्या डोक्याला, एक इंजिनच्या अंगाला. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. जळालेला काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावून टोक प्लगवर टेकवा. दिवा पेटला तर प्लग शाबूत. दोन्ही शाबूत निघाले तर पत्ती परत लावून प्रीहीट चालू असताना तिच्यावर बॅटरीइतके व्होल्ट येतात का बघायला सांगा. येत नसतील तर रिले (प्लगला वीज जोडणारा स्विच) किंवा फ्यूज. त्याच्याकडे टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर असेल, डीसी मोजणारा, तर आणखी छान: दोन प्लगचा करंट एका प्लगच्या दुप्पट यायला हवा.

हे मी इतकं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत नवीन नवीन असताना मी एका आइस्क्रीमवाल्याच्या टेम्पोवरचा छोटा जनरेटर पांढऱ्या धुरासाठी पूर्ण उघडला होता. रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह घासले, हेड बसवलं, चालू केला, तोच धूर. शेवटी सापडला हीटरच्या रिलेचा गंजलेला पाय. त्या माणसाला पैसे परत केले, पण त्याचे दोन दिवसांचे आइस्क्रीम परत करता आले नाही. तेव्हापासून धुरासाठी पाना हातात घेण्याआधी मी मीटर हातात घेतो.

प्लग बदलायची वेळ आली तर दोन्ही बदला, आणि जुना दाखवून त्याच व्होल्टचा घ्या. काही इंजिनांत प्लगच्या आधी एक रेझिस्टन्स असतो आणि प्लग १२ पेक्षा कमी व्होल्टचा असतो, तर काहींत तो सरळ १२ चा. नुसत्या आट्यांवर जाऊन दुकानदाराने भलता दिला तर तो चार दिवसांत जळेल. घट्ट करताना बेताने. हेडमध्ये तुटलेला प्लग काढणं हे हाफ इंजिनपेक्षा वाईट काम आहे.

प्लग आणि रिले दोन्ही निर्दोष सुटले तर बॅटरीकडे वळा. इंजिन सावकाश फिरलं तरी हवा नीट दाबली जात नाही, तापत नाही, आणि धूर तोच. चार महिने उभी राहिलेली बॅटरी बारा पॉइंट सहा व्होल्ट दाखवेलही, पण सेल्फ मारताना दहाच्या खाली कोसळत असेल तर ती गेली. कॅरव्हॅनमध्ये आणखी एक भानगड असते: जनरेटर मागे, बॅटरी कुठेतरी पुढे, मध्ये लांबलचक केबल, आणि अर्थिंगची पट्टी चासीला बोल्टने कसलेली. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेत त्या बोल्टखाली काय होत असेल विचार करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी सोडवून पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासा, परत कसा. खर्च शून्य. मी असे 'बोअर गेलेले' दोन-तीन जनरेटर पॉलिश पेपरने बरे केलेत.

डिझेलचंही एक बघायचं. अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली असेल तर वरच्या मोकळ्या जागेत दमट हवेचं पाणी धरतं आणि तळाला बसतं. फिल्टरखालच्या वाटीचा नट सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा, पाच मिनिटं ठेवा. पाणी खाली बसेल, डिझेल वर. शेवाळासारखं काळं-तपकिरी काही दिसलं तर टाकी धुवावी लागेल, नुसता फिल्टर बदलून चार दिवस जातील फक्त. आणि एक गंमत, जी सेकंडहँड घेणाऱ्याला कोणी सांगत नाही: पुष्कळ मोटरहोममध्ये जनरेटरची डिझेल घेण्याची नळी मुद्दाम टाकीच्या तळापासून वर ठेवलेली असते, म्हणजे रात्रभर जनरेटर चालून गाडी जंगलात कोरडी पडू नये. टाकी पाव भागावर आली की गाडी मजेत चालते आणि जनरेटर मात्र हवा ओढायला लागतो, गचके खातो, धुरकटतो. तुमच्यात तसं आहे का ते काट्यावर लक्ष ठेवून कळेल. पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून ठेवा, दोन्ही प्रश्न सुटतात.

या सगळ्यावर नोझल गळतं का ते शेवटी बघायचं. स्टोव्हची पिन आठवते? नोझलचं भोक कचऱ्याने तसंच बिघडतं, फवाऱ्याऐवजी धार पडते. कळंबोली आणि तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला ट्रकवाल्यांमुळे पंप-नोझलची कामं करणारी दुकानं आहेत, तिथे नोझल काढून मशीनवर प्रेशर आणि फवारा तपासून देतात. समोर उभं राहून बघा. मात्र इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपचा नट सैल करून कुठलं सिलिंडर मेलंय ते बघण्याची मेकॅनिक लोकांची एक पद्धत आहे, ती तुम्ही किंवा मिस्टरांनी करू नका. त्या पाइपातलं डिझेल इतक्या दाबाने येतं की कातडीत घुसतं, आणि अशी जखम वरून बारीक दिसली तरी थेट हॉस्पिटलचं काम असतं.

आता मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. 'आमचा वापर म्हणजे फ्रिज, दिवे, पंखा, मोबाइल.' ताई, हा जनरेटर त्यासाठी केलेला नाही. ५ केव्हीए म्हणजे साधारण ४ किलोवॅट. तुमचा फ्रिज, पंखा, दिवे मिळून ३०० वॅटच्या आसपास. म्हणजे बारा माणसांच्या स्वयंपाकाच्या पातेल्यात तुम्ही एक कप चहा करताय. बायका अशा वेळी गॅस बारीक करतात, पण डिझेल इंजिनाला स्वतःचे फेरे कमी करता येत नाहीत, ५० हर्ट्झ टिकवायला त्याला मिनिटाला ठरलेले फेरे फिरावंच लागतं. लोड नाही, म्हणून सिलिंडर पुरेसं तापत नाही. तापत नाही म्हणून डिझेल पूर्ण जळत नाही. अर्धवट जळलेलं ते चिकट तेल नोझलच्या टोकावर, व्हॉल्व्हवर, सायलेन्सरमध्ये बसत जातं. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवून बघा, काळं ओलसर काही लागतंय का. जनरेटरवाले याला वेट स्टॅकिंग म्हणतात. लोड एक तृतीयांशाच्या खाली तासन्‌तास राहिला की हे होतं. जास्त दिवस चाललं तर बोअरच्या भिंतींना काचेसारखी चकाकी येते, रिंगा तिच्यावर नीट बसत नाहीत, आणि मग मेकॅनिकचं 'बोअर गेलाय' उद्या खरंच होईल. लोकांना वाटतं कमी लोडवर चालवला की मशीन जपलं जातं. सीलिंग फॅन जपला जातो. डिझेल इंजिन जपलं जात नाही.

उपाय सोपा आणि, खरं सांगू, थोडा सुखाचा आहे. गिझर लावा, एसी लावा. एसी साधारण १.१ किलोवॅट आणि गिझर २, म्हणजे ३ च्या वर, जनरेटरच्या पाऊण ताकदीइतकं. आधी काही न जोडता तीन-चार मिनिटं चालवायचा, मग एसी, कॉम्प्रेसर लागून स्थिरावला की गिझर. गिझरचं पाणी तापलं की तो बंद होणार, म्हणून बादलीभर पाणी सोडत राहा, कपडे धुवा, मिस्टरांना आंघोळीला पाठवा. तासभर असं महिन्यातून एकदा. पहिल्यांदा करताना दोन-तीन तास करा आणि धूर एकदम वाढला तर घाबरू नका, आत साठलेला गाळ जळतोय. सायलेन्सरमधून काजळीचे तुकडे, क्वचित ठिणग्याही उडतात. म्हणून हे काम खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी सुकलेल्या गवतात नका करू, हिवाळ्यात तिथे गवत पेटायला काडीही लागत नाही. मोकळी काँक्रीटची जागा बघा, माणसांपासून लांब. आणि प्लग, बॅटरी, डिझेल आधी, हे नंतर.

फ्रिज-पंख्यासाठी मग काय करायचं? दिवसा गाडी चालताना बॅटरी चार्ज होते त्यावर इन्व्हर्टरने, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी लाइनची वीज घ्या. जनरेटर लावायचाच तर एकदम सगळी कामं लावा आणि बंद करा.

बाकीच्या रंगांचं थोडक्यात, पुढे कधी लागलं तर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी, स्टोव्हची काजळी. एअर फिल्टर बघा, एसी जोडलेलाच ठेवून स्टार्ट केला का ते बघा. एअर फिल्टरची पेटी पावसाळ्यानंतर उघडायचीच, उंदरांना ती फार आवडते. सायलेन्सरच्या नळीतही डोकावा. कुंभारीण माशी नळ्या बघून मातीचं घर बांधते आणि तिच्या मते तुमची सायलेन्सर ही चार महिने रिकामी पडलेली खोलीच आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, कढईतलं तेल विसरल्यासारखा वास येतो. चालू केल्यावर मिनिटभर निळा आणि मग साफ, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभरात थोडं ऑइल झिरपलंय. ते लगेच मरणाचं नाही. ऑइल मोजताना मात्र गाडी सपाटीवर हवी. उतारावर उभी करून डिपस्टिक बघायची, कमी वाटलं म्हणून लिटरभर ओतायचं आणि मग निळा धूर आला म्हणून मेकॅनिककडे जायचं, हे मी बघितलंय.

डिपस्टिकवर ऑइल कमी झालेलं कळतं, वाढलेलं कोणी बघत नाही. वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर गळक्या नोझलचं किंवा पंपाचं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल वर ओढलं गेलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, चावी बंद करून थांबत नाही. तशी शंका आली तर चालवूच नका.

महाबळेश्वरला चौथ्या खेपेपर्यंत कोणी मदतीला आलं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाही. घाटावर असा एखादा सज्जन हमखास भेटतो जो चिंधी डिझेलात बुडवून पेटवतो आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी धरतो, किंवा स्टार्टिंगचा स्प्रे मारतो. हीटर प्लगच्या इंजिनात स्प्रे मारणं म्हणजे पेटत्या काकड्यावर पेट्रोल. आत स्फोट होऊन पिस्टन फुटतो, कधी समोरच्या माणसाची भुवईही जाते. नम्रपणे नाही म्हणा. पंधरा-वीस सेकंद प्रीहीट, दहा सेकंद सेल्फ, मिनिटभर विश्रांती, पुन्हा प्रीहीट. तीन वेळा होऊन नाही झाला तर थांबा, ऊन वर येऊ द्या.

आता रात्रीचा एसी. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. ज्याने तुमचे डोळे चुरचुरले तो धूर एका अर्थी प्रामाणिक, तो स्वतःची वर्दी देतो. प्लग बदलून तो बंद झाला की जनरेटर 'स्वच्छ' झाला असं वाटेल, पण वायू तेव्हाही येतच असतो. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, बंद गाडीत झोपलेल्याला तेवढाही पुरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोपलेल्याला तेही कळत नाही, तो जागा होत नाही.

म्हणून मेकॅनिकला पहिलं काम हे सांगा: जनरेटरच्या पेटीपासून नळीच्या तोंडापर्यंत एक्झॉस्टचा प्रत्येक जोड, क्लॅम्प, वळण तपासून दे. जोडापाशी काजळीची रेघ असेल तर तिथून गळती. मग गाडीत आत जाऊन पेटीच्या वरची जमीन, बेडखालचे कप्पे, वायर आणि पाण्याच्या नळ्या जिथून वर येतात ती भोकं बघा. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काहीतरी बसवायला भोक पाडून तसंच सोडलेलं असतं. रबरी बूच आणि सिलिकॉनने बंद करा. नळीचं तोंड गाडीच्या बाजूच्या पलीकडे बाहेर निघालं पाहिजे, पोटाखाली संपता कामा नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, झोपण्याच्या जागेजवळ उशीच्या उंचीला लावा, धुराचा अलार्म वेगळा, तो हे काम करत नाही. आणि एवढं सगळं करूनही जनरेटर चालू ठेवून झोपू नका. झोपायच्या आधी एसीने गाडी गार करून घ्या, मग जनरेटर बंद, छतावरचा पंखा आणि जाळीची खिडकी. एप्रिल-मे मध्ये कोकणात हे पुरत नाही हे मला माहीत आहे. मग लाइनच्या विजेची सोय असलेला मुक्काम शोधा, पैसे थोडे जास्त पडतील. स्टिल्ट पार्किंगमध्येही चालू करायचा नाही, दोन मिनिटं टेस्टिंगलाही नाही. वर पहिल्या मजल्यावर लोकांच्या खिडक्या असतात. त्या बाबतीत तुमचा वॉचमन बरोबर होता, त्याला एक चहा द्या.

राहिलं मेकॅनिकचं हाफ इंजिन. वरचं सगळं करून, नवे प्लग आणि चांगली बॅटरी असतानाही धूर राहिला, तर त्याला म्हणा, आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतं ते मोजून, आकडे लिहून दे. गेज नोझलच्या किंवा हीटर प्लगच्या जागी लागतो, हेड उघडावं लागत नाही. दोन सिलिंडरचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत हवेत, आणि दोन्ही कंपनीच्या मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या वर. इंजिनावरच्या पत्र्याच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, मॅन्युअल त्या नंबरवरून मिळतं. गेज नाही म्हणाला तर तो माणूस अंदाजाने ४५ हजार मागतोय, दुसरा शोधा. आकडे खरंच कमी निघाले तर मात्र तो बरोबर आणि मी चूक, खुशाल काम द्या.

शनिवारी इलेक्ट्रिशियनला बोलवाल तेव्हा दोन्ही प्लगचे ओहम, सेल्फ मारतानाचे व्होल्ट आणि बाटलीत पाणी निघालं की नाही, एवढं एका कागदावर लिहून मला पाठवा. माझी पैज डाव्या किंवा उजव्या एका प्लगवर आहे.